सुई का मोडते

१२ जानेवारी

ढब्या,

पत्राच्या पहिल्या ओळीत आशीर्वाद लिहायचे असतात एवढं तिसरीपर्यंतच्या शाळेतही शिकवलं होतं. पण ज्याने दीड वर्षात साधं कार्ड टाकलं नाही, त्याला पहिल्याच ओळीत आशीर्वाद द्यायला माझा हात वळत नाही. शेवटी उरले तर देईन.

तुझं पाकीट पोचलं. पत्र चार ओळींचं आणि सुया पंचवीस. आजीला किती शब्द पुरतात याचा तुझा अंदाज बरा आहे. "इथे बरं चाललंय. थंडी फार. फोनवर बोलायला नको, पत्र टाक. ही आमची नवी सुई, वापरून बघ." आमची म्हणे. हा शब्द लिहिताना पेन अडखळलं का रे कुठे?

पुडी देखणी आहे. सोनेरी अक्षरं आहेत, मला न वाचता येणारी. पण सुई वाचायला मला अक्षरं लागत नाहीत. चौतीस वर्षं तपासणीच्या खोलीत काचेवर सुया लोळवल्या मी. सरळ सुई गुपचूप लोळते, वाकडी डुलत डुलत जाते, बघावंही लागत नाही, तळहाताला कळतं. तुझी एक सुई काढली, नखावरून फिरवली. नेढ्याची आतली कड गुळगुळीत, दोरा न कापणारी. टोकाकडे येताना ती एक उतरण, जी मोजपट्टीला दिसत नाही पण कापडाला कळते. घरातलं माणूस दुसऱ्याचा कोट घालून दारात उभं राहिलं, तरी चालीवरून ओळखू येतं. तशी ओळखली.

तुझी आत्या समोर भाजी निवडत होती. म्हणाली, "कुणाचं गं आई?" मी म्हटलं, बँकेचं.

तुझ्यासाठी बोललेलं हे दुसरं खोटं. पहिलं वकिलापुढे. तू गेलास त्याच्या पुढच्या आठवड्यात कारखान्याचा वकील आला होता. बूट न काढता आत आला म्हणून त्याला मी स्टुलावर बसवलं, खुर्चीवर नाही. म्हणाला, "आजी, तुमच्या नातवाने भट्टीची अख्खी वही फोनमध्ये उतरवून नेली. तार कुठली, तेल कुठलं, ताव किती, सगळं. केस उभी राहिली आहे. पत्ता द्या." मी म्हटलं, पत्ता मला माहीत नाही. तेव्हा खरंच माहीत नव्हता, म्हणजे ते अर्धंच खोटं. आता पाकिटावर पत्ता आहे, आता पूर्ण झालं.

आत्या बरी आहे. तपासणीतच आहे अजून. माझी नजर अधू झाली आहे, दोरा ओवायला पाच मिनिटं लागतात. पूर्वी तू ओवून द्यायचास, दहा सुया एकदम, भिंतीवर टांगलेल्या सुयांच्या छोट्या गादीला टोचून ठेवायचास. गादी आहे तिथेच.

सुई वापरून बघते.

आजी


३१ जानेवारी

ढब्या,

तुझी सुई मोडली.

उशीचा अभ्रा शिवत होते, जाडं कापडही नाही. कट् केलं आणि निम्मीच चिमटीत राहिली. पहिल्या दिवशी शिवलं तेव्हा ठीक होती. आठ दिवस पुडीत पडून होती, तेवढ्यात तिचा जीव गेला. दुसरी घेतली, तीही गेली. काल तिसरी, नुसती कापडात टोचून ठेवली होती, सकाळी बघते तर दोन तुकडे.

आपल्या कारखान्याची सुई अशी मोडत नाही. वाकते, शिव्या खाते, पण मोडत नाही. माझ्याकडे तुझ्या आईच्या लग्नाच्या वेळची एक आहे, अजून चालू आहे. तुझी आई गेली, सुई राहिली. असं काही लिहायचं नव्हतं, लिहून गेलं.

तू साडेतीन महिन्यांचा होतास तेव्हा. तुझा बाप बोटीवर, वर्षातून एकदा उगवायचा. तुला ठेवणार कोणाकडे? सुयांच्या पुड्यांचं लाकडी खोकं यायचं, त्यात घोंगडी घातली आणि तुला घेऊन गेले कामावर. मुकादम ओरडला. मी म्हटलं, याला तुमच्या घरी सोडते, तुमच्या बायकोला आवडेल. तुझं खोकं आम्ही भट्टीकडच्या भिंतीला लावून ठेवायचो, ती भिंत कायम कोमट. खोकं भरून वर यायला लागलास म्हणून ढब्या. तीस बायका आळीपाळीने तुझे गाल ओढायच्या आणि कुणाचा हात तेलाचा असला की तुझ्या गालावर बोटं उठायची. पलीकडून भट्टीचा घुं घुं आवाज, इकडे काचेवर सुयांची सळसळ, आणि त्यात तू झोपलेला. आवाज थांबला की रडायचास. सुट्टीच्या दिवशी घरी झोपेना, तेव्हा तुझे आजोबा ताटलीत सुया घेऊन हलवत बसायचे.

वकील गेला पण त्याने एक प्रश्न टाकला तो जात नाही. "का केलं असेल हो त्याने? पैसा? बाई? कुणी अडकवलं?" मी म्हटलं, तुमच्याकडे तीनच खाने आहेत का?

पैशासाठी तू केलं नाहीस. तुझ्या हातात पैसा टिकत असता तर मीच चार वेळा उसना घेतला असता. बाईचं म्हणशील तर तुला समोरच्या गल्लीतल्या पोरीशी नीट बोलता आलं नाही, परदेशातली कुठून येणार.

मला आठवतं ते कोपर. कारखान्याच्या ऑफिसात थोरल्या मालकांचा फोटो आहे, बक्षीस घेताना. न मोडणाऱ्या सुईबद्दल मिळालेलं बक्षीस. तेलाचं ते मिश्रण तुझ्या आजोबांनी बसवलं होतं, सात महिने भट्टीपुढे भुवया जाळून. फोटोत ते शेजारी उभे होते. चौकटीत बसेना म्हणून फोटो कापला, त्यांचं फक्त कोपर राहिलं. तू सहा वर्षांचा असताना विचारलंस, "आजी, हे कोपर कुणाचं?" आजोबा हसले. मी नाही हसले. त्या दिवसापासून रोज जेवताना मी ते कोपर ताटात वाढलं. आजोबा म्हणायचे, "जाऊ दे गं, सुई तर नीट निघते ना." मी म्हणायचे, तुमचं जाऊ दे, पोराने लक्षात ठेवावं.

ठेवलंस. चांगलंच लक्षात ठेवलंस.

आजी


२१ फेब्रुवारी

ढब्या,

या वेळचं पत्र चार पानांचं. म्हणजे काम अडलंय.

तीन वेळा वाचलं. तार बदलून पाहिली, तेल बदललं, ताव कमी केला, जास्त केला. भट्टीतून निघते तेव्हा सुई उत्तम, मुलामा चढतो तोही उत्तम, आणि दुकानात पोचून पंधरा दिवसांत मोडते. साहेब म्हणतात, मार्चअखेर सुई टिकली नाही तर तू जा. गेलास तर तिथे राहायची परवानगी संपते, आणि इथे उतरलास की केस. हे सगळं लिहून खाली लिहितोस, "आजी, वहीत सगळं आहे, पण काहीतरी राहिलंय. आजोबा तुला काही बोलले होते का? तुझ्याशिवाय विचारायला कोणी नाही."

आधी एक सांगते, मग शिव्या देते.

पत्र वाचून मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, बरं वाटलं. चौतीस वर्षांत त्या कारखान्यात मला कोणी काही विचारलं नाही. किती सुया झाल्या एवढं विचारायचे. सुई अशी का, तशी का, हे विचारायला इंजिनियर यायचे ते आमच्या डोक्यांवरून एकमेकांना विचारायचे. आणि आता सातासमुद्रापलीकडून एक शिकलेला माणूस मला विचारतोय. मी चष्मा पुसून बसले. उत्तर जिभेवर होतं.

तेव्हा मला तुझं कळलं.

तू मागे सांगितलं होतंस, मी तेव्हा अर्ध्या कानाने ऐकलं. नेढं पाडताना दर शंभरात सहा सुया फुकट जायच्या, तू तो साचा फिरवून बसवलास आणि एकच जायला लागली. परदेशचे पाहुणे बघायला आले. धाकट्या मालकांनी त्यांना सगळं समजावलं, आम्ही असं केलं, आम्ही तसं केलं. तुला म्हणाले, "दोन खुर्च्या कमी आहेत, आण जरा." तू आणल्यास. आणि त्या पाहुण्यांतला एक म्हातारा खुर्चीवर न बसता तुझ्याजवळ आला, म्हणाला, "हे तुम्ही केलंत ना? कसं सुचलं?" तुझं नाव त्याने वहीत लिहून घेतलं, दोनदा म्हणून बघितलं, बरोबर येईपर्यंत. त्या दिवशी तू दोन पोळ्या जास्त खाल्ल्यास. मला वाटलं, भूक लागली असेल.

त्याने नुसतं विचारलं होतं. एवढ्यावर माणूस घर सोडतो, हे वकिलाच्या तीन खान्यांत कुठे बसणार?

आता शिव्या. तुला ते कोपर परत मिळवायचं होतं ना? मग त्या सोनेरी पुडीवर तुझ्या आजोबांचं नाव कुठे आहे? तुझं तरी कुठे आहे? तिथल्या भिंतीवर फोटो लागला की तुझंही कोपरच राहणार, इथे निदान लोकांना माहीत होतं ते कुणाचं.

आणि आत्या बरी आहे असं मी लिहिलं ते सोड. तू गेल्यापासून कारखान्याच्या दारावर तिची पिशवी रोज उलटी करतात. डबा उघडून भातात चमचा फिरवतात. चोवीस वर्षं झाली तिला तिथे. बाकीच्या बायका रांगेत थांबतात, पुढे निघून जात नाहीत, तिचं होईपर्यंत उभ्या राहतात. ती घरी येऊन तुझ्याबद्दल एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

उत्तराचं पुढच्या पत्रात बघू.

आजी


२२ फेब्रुवारी

ढब्या,

हे पत्र टाकायचं की नाही ते लिहून झाल्यावर ठरवीन. आधी लिहून तर काढू दे, रात्रभर जीभ चावली आहे.

आजोबा मला काही बोलले नव्हते. मी त्यांना बोलले होते.

वहीत काय आहे ते मला माहीत आहे. मुलामा, मग धुणं, मग सुकवणं, मग तपासणी. सुकवणं आणि तपासणी यांच्यात वहीत नुसती रेघ आहे. त्या रेघेत आम्ही बायका आहोत.

थंडीच्या दिवसांत धुऊन आलेल्या सुया हातात घेववत नसत. बोटं बधिर व्हायची. बधिर बोटाला वाकडी सुई कळत नाही, मग पगार कापायचे. म्हणून एका सकाळी मी आलेले ट्रे उचलले आणि शिडीने भट्टीच्या छपरावर ठेवून आले. तिथे भट्टीच्या धगीने तवा तापावा तसं गरम असायचं. सकाळी ठेवलेले ट्रे आम्ही जेवणं झाली की उतरवायचो, निवले की काचेवर घ्यायचो. आमचे डबेही तिथेच कडेला, तुझी दुधाची बाटलीसुद्धा फडक्यात गुंडाळून. मुकादम बोंबलला, पण कमी सुया फुकट जातात म्हटल्यावर त्याने बघायचं सोडलं. हळूहळू उन्हाळ्यातही तसंच सुरू राहिलं, हाताला सवय.

मग एका वर्षी छपरावर विटांचा नवा थर चढवला, उष्णता वाचवायला. छप्पर गार. महिन्याभरात शिंप्यांकडून पुड्या परत यायला लागल्या. सुई मोडते. अगदी तुझ्यासारखी, पडल्या पडल्या. तारवाल्याला शिव्या घातल्या, तेल ओतून दिलं, तुझे आजोबा जेवेनासे झाले. आम्ही बायका आपसात बोललो. मग मी त्यांना म्हटलं, "अहो, मुलाम्याच्या पाण्यातून तिच्या पोटात काहीतरी शिरत असणार. छपरावर चार तास राहिली की ते निघून जायचं. आता जात नाही." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं लग्नात बघायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मालकांना म्हणाले, नव्या विटांनी भट्टी कोंडते, काढा. विटा काढल्या. सुया मोडायच्या थांबल्या. नव्या तारेमुळे थांबल्या असं वहीत लिहिलं.

मी म्हटलं, खरं का नाही सांगितलंत? म्हणाले, "सांगितलं तर ते छपरावर मशीन बसवतील आणि तुमचे डबे खाली येतील."

कोपर कापलेला माणूस हे बोलला. मी तुला रोज कोपर वाढलं, हे कधी वाढलं नाही.

आजही ट्रे छपरावरच जातात. तुझी आत्या चढवते. तू चार वर्षं वर इंजिनियरांच्या काचेच्या खोलीत बसलास, जेवायच्या सुट्टीत कधी खाली आला नाहीस. ज्या उबेत वाढलास तिच्यामुळेच सुई टिकते, आणि तू मला विचारतोस तेलाबद्दल.

एवढंच आहे. चार तास, तव्यासारखी धग, मुलामा झाल्या झाल्या. दोन ओळीत मावलं असतं.

आजी


१५ मार्च

ढब्या,

मधे एक पत्र लिहिलं होतं. ते टाकलं नाही. सुयांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलंय. त्यात तुझं उत्तर आहे.

टपालपेटीपर्यंत गेले होते. पाकीट अर्धं आत गेलं होतं. मग मनात आलं, हे माझ्या एकटीचं आहे कुठे? न विचारता नेणारा घरात एक आहे, दोन कशाला?

म्हणून आत्याला सांगितलं. म्हटलं, ते बँकेचं पत्र नव्हतं. म्हणाली, "बँक कधीपासून परदेशी तिकिटं लावायला लागली? मला जानेवारीतच कळलंय." मग म्हणाली, "हडकलाय का गं? काही लिहिलंय का?"

रविवारी तपासणीतल्या बायका घरी बोलावल्या. अठ्ठावन्न आहेत आता, त्यातल्या जुन्या अकरा आल्या. शिवाय माझ्यासारखीच आता कामावरून सुटलेली ती मोठ्या आवाजाची, जिला आपण सरकार म्हणायचो, तुझे गाल सगळ्यात जास्त तिनेच ओढले, ती काठी टेकत आली. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. तुझी सुई मोडते ऐकून सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीला हसू आवरेना. माझ्यासारखंच त्यांनाही लगेच कळलं.

मी म्हटलं, सांगू का त्याला? नाही सांगितलं तर त्याची नोकरी जाईल, इकडे आला तर केस आहे.

एक म्हणाली, "आणि सांगितलं तर आपली खोली बंद होईल. त्यांची सुई आपल्यापेक्षा स्वस्त आहे, मोडते म्हणूनच कोणी घेत नाही." हे खरं आहे ढब्या. एका बाजूला तू आणि तुझी नोकरी, दुसऱ्या बाजूला अठ्ठावन्न जणी. त्यात तुझी आत्या.

दुसरी म्हणाली, "पण पोर आपलं आहे."

सरकार म्हणाली, "पोर आपलं आहे म्हणून तर पत्राने नाही सांगायचं. वही नेली ते वकील बघतील. हे अजून त्याने नेलेलं नाही. हे विचारायचं असेल तर आमच्यासमोर बसून विचारावं. काचेपाशी बसवू, दोनशे सुया लोळवायला लावू, मग सांगू."

मी म्हटलं, सांगून झाल्यावर तो परत गेला तर?

"मग आपण मूर्ख," सरकार म्हणाली. "पण तो नाही जाणार. खोक्यात होता तेव्हासुद्धा भिंतीपासून हलवलं की रडायचा."

तर मी सांगणार नाही. मार्चअखेर तुला काढतील. काढू देत. केसचं मी काही गोड लिहिणार नाही, ती आहे, तुला उभं राहावं लागेल, आणि मी मागच्या बाकावर बसेन, गुडघे दुखत असले तरी. त्या वकिलालाही मी आता पत्ता दिला आहे. तिसऱ्यांदा खोटं बोलायला जमलं नाही. या वेळी त्याने बूट काढले होते, म्हणून खुर्ची दिली.

धाकट्या मालकांकडेही जाऊन आले. म्हटलं, तो फोटो पुन्हा छापून घ्या, मूळ निगेटिव्ह कुठेतरी असेल, अख्खा माणूस दिसू दे. "बघतो" म्हणाले. नाही बघणार. पण विचारलं मी.

आता शेवटचं. तू पाठवलेल्या पंचवीसपैकी एकोणीस मोडल्या. सहा अजून न तडकता उरल्या होत्या. त्या आत्याने अंबाड्यात खोचून कारखान्यात नेल्या. दारावर पिशवी उलटी केली, डब्यात चमचा फिरवला, डोक्यात कोण बघतो. संध्याकाळी तशाच परत आणल्या. आपल्या घरात कारखान्यातून बाहेर नेणारा एक झाला, आत नेणारी एक झाली.

त्याला पंधरा दिवस झाले. सहापैकी एकही मोडलेली नाही. एकीने मी तुझ्या जुन्या शर्टाची बटणं लावली, जाड कॉलरमधून आरपार घातली, दातांनी वाकवून बघितली. उरलेत तेवढे दात.

त्यातली एक या पत्राला टोचून पाठवते आहे. तुझीच आहे, तुमच्याच पुडीतली, सोनेरी अक्षरांची. साहेबांना दाखवू नकोस, त्यांना काही दिसणार नाही. खोलीत एकटा असताना दोन बोटांत धर आणि वाकव. मोडणार नाही.

का, ते विचारायला ये.

आशीर्वाद थोडे उरले होते, ते सुईबरोबर आहेत.

आजी